एकतिसावा प्रश्न

केदूनाना मोगलांच्या बागेत कुत्रं नाही, हे हर्षदाला आठवायला हवं होतं.

पिंपळदऱ्यातल्या एकूण एक द्राक्षबागेची तिला खडान् खडा माहिती होती. कुणाचं ठिबक कुठं गळतं, कुणाच्या चौथ्या ओळीत दरवर्षी भुरी रोग येतो, सगळं. पण शुक्रवारी सकाळी नाना बांधावर आडवे उभे राहिले आणि म्हणाले, "आत नको येऊ पोरी, नवीन कुत्रं आणलंय, लई चावरं हाये." तिने मान डोलावली. बांधावरूनच फोन पुढे धरला. 'स्थळ नोंदले' असा आवाज झाला आणि तिने चिठ्ठी देऊन टाकली. आठवड्यातली ती सातवी चिठ्ठी होती, आणि सोमवारपासून तिला धड दोन घास निवांत खायला मिळाले नव्हते.

चिठ्ठी हा लोकांचा शब्द. सरकारी नाव होतं 'पीक संरक्षण शिफारस', आणि ती देण्याचा अधिकार फक्त परवानाधारक सल्लागाराला. पूर्वी दुकानदार हातात देईल ते औषध आणि सांगेल तेवढं प्रमाण, असा कारभार होता. तीन वर्षांत चार मजूर विषबाधेने गेले, परदेशी गेलेला माल तिकडच्या बंदरातून परत आला, तेव्हा कायदा झाला. आता प्रत्येक फवारणीच्या ब्लोअरला कुलूप असे. सल्लागाराने बागेत जायचं, कोणती कीड ते लिहायचं, दुसरा उपाय का चालणार नाही ते लिहायचं, मग ते कुलूप उघडायचं. ब्लोअरला ड्रायव्हर नसे. ठरल्या वेळी तो शेडमधून आपला आपण निघे, ओळी फवारून परत येऊन उभा राही.

कायदा चांगलाच होता. हर्षदाचे वडीलही तसंच म्हणत, आणि त्या कायद्यानेच तर त्यांना घरी बसवलं होतं.

*

गंधपेट्या आल्या त्या कायद्याच्या मागोमाग. मांडवाच्या खांबावर बसवलेली डब्याएवढी पेटी, तिला पुढे जाळी. काम एकच, वास घ्यायचा.

झाडाला तोंड नसतं, पण ते बोलतं वासातून. गवत कापल्यावर जो हिरवा वास सुटतो ना, तो म्हणजे पानाची आरोळीच असते. कीड पान खरवडायला लागली की वेल तसाच वास सोडते, फक्त इतका मंद की माणसाच्या नाकाला कळत नाही. शेजारच्या वेलींना मात्र कळतो. त्या आपली पानं कडवट करून घेतात आणि स्वतःही तोच वास पुढे सोडतात. किडीला खाणारे बारीक मित्रकीटकही त्याच वासाच्या मागाने येतात. हे सगळं झाडांमध्ये लाखो वर्षं चाललेलंच होतं. पेटीने फक्त त्याला कान लावला. फुलकिडे डोळ्यांना दिसायच्या चार दिवस आधी पेटी ओरडे आणि दहातल्या नऊ वेळा तिचं खरं ठरे.

आता पेटीला माणसाची कामंही कळायला हवीत. बाई कात्रीने पान काढते तेव्हाही वेल हिरवा वास सोडतेच. म्हणून शेतकऱ्याने रोजचं काम फोनवर नोंदवायचं, आज घडांची विरळणी, आज पानं काढली. मग पेटी तेवढा वास वजा करून टाकी. शिवाय नोंद असली की त्या बागेत माणसं आहेत हे ब्लोअरलाही कळे. साधी, सरळ व्यवस्था. कागदावर तर तिला नाव ठेवायला जागा नव्हती.

इशारा वाजल्यापासून सहा तासांत सल्लागाराने चिठ्ठी दिली नाही की परवान्यातले गुण कमी होत. दिलेली चिठ्ठी रद्द केली की आणखी कमी, एकेका चिठ्ठीला पाच. गुण चाळिसाच्या खाली गेले की परवाना स्थगित, आणि परीक्षा पुन्हा पहिल्यापासून. हर्षदाचे बहात्तर होते.

*

पावणेतीनला ती घरी आली तेव्हा तिचे वडील त्र्यंबकअण्णा ढोमसे पडवीत बसून शेंगा सोलत होते. गाव त्यांना अजूनही 'डॉक्टर' म्हणे. शिक्षण दहावी, पण तीस वर्षं तालुक्यातल्या बागा त्यांनी पांढऱ्या कागदावर वाचल्या होत्या. शेंड्याखाली कोरा कागद धरायचा, शेंड्याला टिचकी मारायची, कागदावर किती फुलकिडे पडतात ते मोजायचे. तिला अक्षरं यायच्या आधी अण्णांनी हे शिकवलं होतं.

कायद्याने अनुभवी माणसांना पदवीशिवाय तीनदा परीक्षेला बसायची सवलत दिली होती. अण्णा दोनदा बसले आणि दोनदा नापास झाले, तेही एकाच प्रश्नावर. एकतिसावा प्रश्न अनिवार्य होता. तो चुकला की बाकीचे सगळे बरोबर असूनही नापास. प्रश्न असा: 'मणी ज्वारीएवढे असताना गंधपेटीने फुलकिड्यांचा इशारा दिला आहे. पाहणीत कीड आढळत नाही. खालीलपैकी कोणत्या औषधाची शिफारस कराल?' खाली चार औषधं. अ, ब, क, ड. डोळ्याला चार दिवस उशिरा दिसतं, म्हणून पेटीवर विश्वास ठेवायला शिका, असा मंडळाचा हेतू. अण्णांनी दोन्ही वेळा उत्तर कोरं ठेवलं होतं. "कीडच नाय तर मारू काय? आठ दिवस थांबून बघू, असं लिहायला जागा नव्हती," ते सांगत. त्यावर हर्षदा पहिल्या खेपेला हसली होती. दुसऱ्या खेपेला चिडली होती.

"सात झाल्या?" अण्णांनी विचारलं.

"सात. चार वाजता सगळे ब्लोअर एकदम निघतील." फुलकिडे एका बागेत मारले की उडून शेजारच्या बागेत जातात, म्हणून अशा चिठ्ठ्या एकत्र लावायची सोय होती. ती उभ्या-उभ्याच तांब्याने पाणी प्यायली. "ह्या दिवसात एवढे फुलकिडे मी कधी पाहिले नाहीत, अण्णा."

"पाहिले का?"

"काय?"

"कागदावर पाहिले का, का पेटीनं सांगितले?"

तिने फोनवरचा नकाशा त्यांच्यापुढे धरला. लाल ठिपके, एकापुढे एक. "सोमवारी दगू बोरस्त्यांची आणि तिच्या खालची. मंगळवारी दोन. काल दोन. आज नानांची. बघा, कशी सरकतेय."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. शेंगा सोलायचा हात थांबला.

"बुधवारी?"

"बुधवारी नाही वाजली."

"बुधवारी आपला बाजार असतो," अण्णा म्हणाले. "कीड बाजाराला जाती काय गं?"

हर्षदाने नकाशा पुन्हा आपल्याकडे वळवला. रोज दोन बागा. वरून खाली, एका रांगेत. बाजाराच्या दिवशी सुट्टी. दगू बोरस्ते म्हणाले होते, आत गांधीलमाशांचं पोळं आहे. काल एकजण म्हणाला, चिखल आहे, पाय रुततील. नानांकडे कुत्रं. सगळ्या गावाला एकाच आठवड्यात तिला बांधावर थांबवायचं कारण सापडलं होतं.

"टोळी," ती म्हणाली. "टोळी आलीये गावात."

"आन् लपवली," अण्णा म्हणाले.

विरळणीच्या हंगामात सुरगाण्याकडून येणारी बायकांची टोळी म्हणजे सोन्याहून मोलाची. ती ज्याच्याकडे उतरली त्याच्याकडून शेजारी तिला फोडून नेतो, दहा रुपये जास्त देऊन, नाहीतर नुसती कोंबडीची पार्टी देऊन. म्हणून टोळी आली की कुणी कुणाला सांगत नाही. फोनवर नोंदवलं तर ते गावकीच्या यादीत सगळ्यांना दिसतं, म्हणून नोंदवायचंही नाही. आणि सल्लागार बाई रोज वीस बागा फिरते, तिला कळलं म्हणजे गावभर झालं. सातही जणांनी हाच विचार स्वतंत्रपणे, अगदी एकट्याने केला होता.

पेटीला कात्रीचा वास आला. नोंद नाही, म्हणजे माणूस नाही. मग राहिली कीड.

आणि नोंद नाही, म्हणजे चार वाजता निघणाऱ्या ब्लोअरच्या लेखी नानांची बाग रिकामी होती.

"तीन वाजायला पाच कमी," म्हणत ती गाडीकडे धावली.

*

नानांचा फोन लागेना, आणि चिठ्ठी रद्द करायची तर फोन शिवारात न्यावा लागे, घरातून ते होत नसे. ब्लोअरसमोर तीन मीटरच्या आत माणूस आला तर तो थांबतो, हे ती स्वतःला सांगत होती. फवारा मात्र दहा मीटर जातो, हेही तिला पाठ होतं. बाया मांडवाखाली लाकडी पाटावर उभ्या राहून काम करतात. त्यांची डोकी पानांत असतात. ब्लोअरला दिसले तर पाय दिसतील. गाडी खड्ड्यातून उडत होती आणि तिच्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, सही माझी आहे, सही माझी आहे.

बांधावर कुणी नव्हतं. कांद्याच्या चाळीमागे ताडपत्री टाकून जीप झाकलेली होती. हर्षदा वाकून मांडवात शिरली.

बाग गप्प होती. पण गप्प बागेत कात्र्यांचा आवाज चालला होता, कच्, कच्, कच्. सतरा-अठरा बाया, पानांत डोकी घालून. एरवी ज्यांच्या गप्पा दोन शिवारं ऐकू जातात त्या बाया तोंडाला कुलूप लावून काम करत होत्या. नानांची ताकीदच तशी असणार. सगळीकडे हिरवा वास भरून राहिला होता, इतका की माणसाच्या नाकालाही कळावा.

"ताई?" पाटावरून एक वयस्क बाई खाली उतरली. टोळीची मुकादम, सोनाबाई गावित. दरवर्षीची ओळख. "आम्ही नाही ना बोललो. आवाज नाही केला."

हर्षदाला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. "सोनाबाई, सगळ्यांना बाहेर काढा. आत्ता. चारला इथे फवारा सुटणार आहे."

"नाना बोलला नाही."

"नानाला माहीत आहे. मला माहीत नव्हतं."

बाया पाट उचलून निघाल्या. हर्षदाने वहीतला कोरा कागद फाडला, शेंड्याखाली धरला, टिचकी मारली. कागदावर धूळ पडली, एक वाळलेलं फूल पडलं. दुसरा शेंडा. तिसरा. दहा ओळींतले वीस शेंडे. कागद कोराच.

नाना धापा टाकत आले. आधी बाया बाहेर का गेल्या म्हणून ओरडले, मग हर्षदाला बघून आवाज खाली आला.

"कुत्रं कुठं आहे, नाना?"

नाना मांडवाच्या तारेकडे बघू लागले. "आता काय सांगू तुला. सगळेच लपवू राहिले, मी एकट्यानं पाप केलं का?"

"चारला ब्लोअर निघणार आहे हे माहीत होतं ना तुम्हाला?"

"साडेतीनला काढणारच होतो बायांना. माणूस हाये मी, राक्षस नाय." नाना कळवळून बोलत होते आणि ते खरं असावं. "आता असं कर. बाया बाहेर हायेतच. फवारा होऊन जाऊ दे. उद्या परत कामाला लावतो."

"फवारल्यावर चार दिवस आत जायचं नसतं."

"चार दिवसांत टोळी राहते का? दगू घेऊन जाईल त्याच्या दुसऱ्या बागेत."

"आणि कीडच नाहीये, नाना. तुमच्या बागेत काही नाहीये."

"मग चिठ्ठी कशापायी दिली?"

तिने नानांची चिठ्ठी रद्द केली. बहात्तरचे सदुसष्ट झाले.

*

इथे थांबली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. बाया एकाच बागेत होत्या, त्या बाहेर आल्या होत्या. बाकी सहा बागा खरोखर रिकाम्या होत्या. चारला फवारा झाला असता, फुलकिडे दिसले नसते आणि गावाने म्हटलं असतं, हर्षदाताईच्या चिठ्ठीला गुण आला.

पण बाकी सहा बागांतही पेटीने कात्रीचाच वास घेतला होता. फवाऱ्याने मरणार ते मित्रकीटक, पिठ्या ढेकणाला खाणारे. महिन्याभराने, घडात साखर भरताना, पिठ्या ढेकूण मोकाट सुटणार आणि त्या वेळी कुणाला आजचा फवारा आठवणार नाही. तिला आठवेल.

ती चाळीच्या सावलीत, झाकलेल्या जीपला टेकून बसली आणि एकेक चिठ्ठी रद्द करू लागली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'इशारा मजुरीच्या कामामुळे. मी आत जाऊन पाहणी केली नव्हती.' बासष्ट. सत्तावन्न. बावन्न. सत्तेचाळीस. बेचाळीस.

मग बोट थांबलं. तीन चाळीस झाले होते. आता फक्त दगू बोरस्त्यांची राहिली होती. बेचाळीस म्हणजे परवाना शाबूत. सातवी रद्द केली की सदतीस.

परवाना गेला तर गावाच्या चिठ्ठ्या कोण देणार, हे तिला ठाऊक होतं. नाशकातला एक सल्लागार चाळीस गावं सांभाळायचा. उंटावरून शेळ्या हाकणारा. पेटी ओरडली की डोळे मिटून चिठ्ठी. एका बागेपायी बाकी सगळ्या बागा त्याच्या हवाली करायच्या? आणि दगू बोरस्ते तरी कुठला साधू? गांधीलमाशा म्हणे.

तिने अण्णांना फोन लावला.

"बाया?" त्यांनी पहिल्यांदा विचारलं.

"बाहेर आहेत. सगळ्या. अण्णा, सहा रद्द केल्या. एक राहू दिली तर परवाना राहतो."

पलीकडे शेंगांचं सूप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"त्या बागेत काय हाय?"

"काही नाही."

"मग मारायचं काय?" अण्णांनी विचारलं. त्या आवाजात उपदेश नव्हता. ते खरंच विचारत होते.

हर्षदाने फोन ठेवला आणि सातवी चिठ्ठी रद्द केली. पडदा करडा झाला. तिच्या नावापुढे 'स्थगित' आलं. चार वाजता पिंपळदऱ्यातला एकही ब्लोअर शेडबाहेर आला नाही.

*

गावाने तिचे पाय धरले असं कुणाला वाटत असेल तर त्याने द्राक्षाचं गाव पाहिलेलं नाही. त्या संध्याकाळी गावभर एकच चर्चा होती, टोळी नानांकडे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी दगू बोरस्त्यांच्या जीपमधून दुसऱ्या शिवारात गेली आणि नानांनी महिनाभर हर्षदाशी अबोला धरला. आठ दिवस गेले, पंधरा गेले. फुलकिडे आले नाहीत. न आलेली गोष्ट कुणाच्या लक्षात राहत नाही. दोन दिवस लोकांनी कामाच्या नोंदी इमानेइतबारे केल्या, तिसऱ्या दिवसापासून जैसे थे. आणि चिठ्ठ्या नाशकाहून येऊ लागल्या, भराभर, सहा तासांच्या आत.

मंडळाला तिने सविस्तर पत्र लिहिलं. आपली चूक आधी लिहिली, बांधावरून दिलेल्या सातही चिठ्ठ्यांची. मग लिहिलं, चिठ्ठीत 'काही नको' असा पर्याय ठेवा, सल्लागाराला थांबण्याचे गुण द्या. उत्तर आलं. तुमची सूचना विचारार्ह आहे, पुढील बैठकीत ठेवली जाईल, तूर्त परीक्षेस बसावे.

मार्चमध्ये ती बसली. अण्णांचीही ती शेवटची संधी होती. बाप-लेक एकाच एसटीने नाशिकला गेले, एकाच खोलीत, दोन रांगा सोडून बसले. एकतिसावा प्रश्न अक्षरही न बदलता तसाच होता. पाहणीत कीड आढळत नाही. कोणत्या औषधाची शिफारस कराल?

खरं उत्तर तिला माहीत होतं आणि मंडळाला हवं असलेलंही माहीत होतं. कॉलेजातून आल्यावर तिने एकदा इथेच, मागचा पुढचा विचार न करता, 'ब'वर खूण केली होती. तिने पेन उचललं. तिला तो वीस शेंड्यांचा कागद दिसला, धूळ आणि एक वाळकं फूल पडलेला. तिने पेन खाली ठेवलं.

बाहेर आल्यावर अण्णा लिंबाखाली उभे होते. टोपी हातात.

"कसा गेला?" तिने विचारलं.

"बरा गेला."

"एकतिसावा?"

"ब," अण्णा म्हणाले.

ती जागच्या जागी उभी राहिली. "तुम्ही? ब?"

"घरात एक तरी परवाना नको का? तुझा गेला. गाव किती दिवस त्या नाशिकवाल्याच्या हातात ठेवायचं?" ते घाईघाईने बोलत होते, पोराने चोरी सांगावी तसे. "आता सही माझी, पाय तुझे. तू कागद धरून बघत जा. तू तर लिहिलंच असशील बरोबर, दोन झाले तर चांगलंच."

अण्णांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांना कळलं.

"कोरा?"

"कोरा."

अण्णा हसले. मग हसू अर्ध्यावर थांबलं आणि ते एसटी स्टँडच्या दिशेने चालू लागले. गाडीत त्यांनी खिडकीकडची जागा घेतली आणि गाव येईपर्यंत तोंड बाहेरच ठेवलं. दिंडोरीच्या पुढे बागा सुरू झाल्या तेव्हा हर्षदाने त्यांच्या हातावर हात ठेवला. तीस वर्षांत त्या हाताने न दिसलेल्या किडीला कधी औषध लिहिलं नव्हतं.